सागरी शोभिवंत मासे : विलगीकरण व परजीवींवरील उपचार

नव्याने मिळविलेले खाऱ्या पाण्यातील मासे मुख्य मत्स्यालयात सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून त्यांचे निरीक्षण करणे आणि त्यांच्या अंगावरील व शरीरातील परजीवींवर (दुसऱ्या जीवांवर उपजीविका करणाऱ्या जीवांवर) उपचार करणे, या प्रक्रियेला विलगीकरण किंवा क्वारंटाइन असे म्हणतात. क्वारंटाइन ही संज्ञा ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आली आहे. प्लेगच्या साथींच्या काळात व्हेनिससारख्या बंदरांत आलेल्या जहाजांना तेवढे दिवस वेगळे थांबावे लागे. सागरी माशांच्या विलगीकरणाची मुदतही सामान्यतः चार ते सहा आठवडे असते. तथापि ती रूढीने ठरलेली नसून परजीवींच्या जीवनचक्रावरून ठरते. बहुतेक औषधे परजीवीच्या जीवनचक्रातील एखाद्याच अवस्थेवर परिणाम करतात. त्यामुळे उपचाराचे यश औषधाच्या तीव्रतेपेक्षा त्याच्या योग्य वेळेवर व कालावधीवर अधिक अवलंबून असते.

विलगीकरणाची आवश्यकता : समुद्रातील बहुतेक माशांच्या अंगावर थोडेफार परजीवी असतातच. विस्तीर्ण पाण्यात परजीवीच्या पोहणाऱ्या पिलांना नवा आश्रयी (ज्याच्यावर परजीवी जगतो तो जीव) सापडण्याचा संभव अल्प असल्याने रोगाची साथ क्वचितच उद्‌भवते. मत्स्यालयाच्या बंदिस्त टाकीत मात्र प्रत्येक पिलू काही सेंमी. अंतरावर असलेल्या माशापर्यंत पोहोचू शकते आणि दर पिढीला परजीवींची संख्या अनेक पटींनी वाढते. पकडणे, पिशवीत बांधून दूरवर नेणे, पाण्याच्या तापमानातील व लवणतेतील (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणातील) फेरबदल यांमुळे माशाची प्रतिकारशक्तीही या काळात क्षीण झालेली असते.

सागरी अस्थिमत्स्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यांच्या शरीरद्रवातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्यातील प्रमाणाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. तर्षणामुळे (पातळ पडद्यातून कमी क्षारांच्या द्रवातील पाणी अधिक क्षारांच्या द्रवाकडे जाण्याच्या क्रियेमुळे) त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर जात असते. ही हानी भरून काढण्यासाठी हे मासे समुद्राचे पाणी पितात आणि जादा क्षार क्लोमांवाटे (कल्ल्यांवाटे) बाहेर टाकतात. परजीवींनी त्वचा व क्लोम विदीर्ण केले म्हणजे श्वसन व पाण्याचा समतोल ही दोन्ही कार्ये एकाच वेळी बिघडतात. मासा अंगावर ठिपके दिसू लागल्यावर थोड्याच दिवसांत का दगावतो, याचे कारण यात आहे.

इतिहास : सागरी माशांचे अनेक घातक परजीवी प्रथम समुद्रात नव्हे, तर सार्वजनिक मत्स्यालयांत ओळखले गेले. न्यूयॉर्क मत्स्यालयातील माशांवरील चपट्या कृमीचे वर्णन १९२७ मध्ये झाले. तो आता निओबेनेडेनिया मेलेनी या नावाने ओळखला जातो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालयात आढळलेल्या द्विकशाभिक प्रजीवाचे वर्णन १९३१ मध्ये एमिली ब्राउन यांनी केले. त्याचे आजचे नाव ॲमिलोऊडिनियम ओसिलेटम असे आहे. जपानमधील सिकामा यांनी १९३७ मध्ये सागरी माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची नोंद केली आणि त्याच्या परजीवीला १९५१ मध्ये क्रिप्टोकॅरिऑन इरिटॅन्स हे नाव मिळाले. त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते पुन्हा खुले करण्यात आले होते. मुंबईतील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आणि रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र या संस्थांमुळे महाराष्ट्रात मत्स्यविषयक शिक्षण व संशोधन यांची परंपरा निर्माण झाली.

प्रमुख परजीवी : (१) क्रिप्टोकॅरिऑन इरिटॅन्स : या पक्ष्माभिकायुक्त (हालचालीस उपयोगी असे सूक्ष्म केस असलेल्या) प्रजीवामुळे माशाच्या अंगावर व परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात. त्याच्या जीवनचक्रात चार अवस्था आढळतात. पहिल्या, पोषी अवस्थेत तो माशाच्या त्वचेच्या बाह्यस्तराखाली राहून तीन ते सात दिवस अन्न घेतो. नंतर तो मासा सोडून तळाशी जातो व काही तास सरपटून स्वतःभोवती कठीण पुटी (कवच) तयार करतो. पुटीत त्याचे विभाजन होऊन सुमारे २०० पर्यंत पिले तयार होतात. ती बहुधा रात्री वा पहाटे बाहेर पडतात व नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत तो न मिळाल्यास ती मरतात. पुटी फुटण्यास सामान्यतः पाच ते आठ दिवस लागतात. परंतु तीन दिवसांपासून ७२ दिवसांपर्यंत हा काळ कमीजास्त झाल्याचे आढळले आहे. पोषी अवस्थेत माशाची त्वचा आणि विभाजनाच्या अवस्थेत पुटी परजीवीचे रक्षण करते. औषध लागू पडते ते केवळ पोहणाऱ्या पिलांना. माशावरील ठिपके दोन-चार दिवसांत नाहीसे होतात, ते परजीवी मेल्यामुळे नव्हे, तर तो तळाशी गेल्यामुळे. अनेक मासे याच सुमारास ‘बरे झाले’ असे समजून मुख्य टाकीत सोडले जातात आणि आठवड्याभरात तेथील सर्व मासे रोगग्रस्त होतात.

(२) ॲमिलोऊडिनियम ओसिलेटम : या रोगात अंगावर पिवळसर तपकिरी भुकटी पसरल्यासारखी दिसते, म्हणून त्यास मखमली रोग म्हणतात. परजीवी मुख्यतः क्लोमांवर हल्ला करतो. त्यामुळे भुकटी दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकतो, अन्न सोडतो व दगावतो. एका पुटीतून २५६ पर्यंत पिले निर्माण होऊ शकतात. उबदार पाण्यात संपूर्ण जीवनचक्र आठवड्याभरात पुरे होते. सागरी मत्स्यालयातील सर्वांत जलद संहार करणारा परजीवी म्हणून याची गणना होते.

(३) ब्रुकलिनेला हॉस्टिलिस : हा पक्ष्माभिकायुक्त प्रजीव विशेषतः निसर्गातून पकडलेल्या विदूषक माशांवर (क्लाउन फिशवर) आढळतो. त्वचेवरील श्लेष्मा (बुळबुळीत स्राव) जाड होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. पुटीची अवस्था नसल्याने तो माशावरच विभाजनाने वाढतो आणि काही दिवसांतच मृत्यू घडवून आणतो. तांबे यावर निरुपयोगी ठरते. फॉर्मॅलिनचा मात्र चांगला उपयोग होतो.

(४) यूरोनिमा मरिनम : हा प्रजीव एरवी पाण्यातील सूक्ष्मजंतूंवर स्वतंत्रपणे जगतो. मासा दुर्बल झाल्यास तो त्वचेवरील जखमांतून स्नायूंत व आतील इंद्रियांत शिरतो. तेथे स्नानातून दिलेली औषधे पोहोचत नसल्याने हा रोग दुःसाध्य असतो.

(५) एकाश्रयी चपटे कृमी : निओबेनेडेनियासारखे कृमी त्वचेला व डोळ्यांना, तर काही लहान जाती क्लोमांना आकड्यांनी चिकटतात. डोळे धुरकट होणे व अंग दगडांवर घासणे ही त्यांची लक्षणे होत. त्यांच्या अंड्यांना लांब तंतू असतात. जाळी, दोर व टाकीच्या कडा यांना ती अडकून राहतात आणि औषधांना दाद देत नाहीत.

यांखेरीज उवांसारखे कवचधारी परजीवी, जळवा व आतड्यांतील कृमीही आढळतात. कवचधारी परजीवी व जळवा डोळ्यांना दिसत असल्याने चिमट्याने काढता येतात. आतड्यांतील कृमींसाठी खाद्यातून औषध देतात.

विलगीकरणाची टाकी : टाकी साधी काचेची व रिकाम्या तळाची असावी. तळाशी वाळू, प्रवाळखडक किंवा शिंपले ठेवीत नाहीत, कारण चुनखडीयुक्त पदार्थ तांबे शोषून घेतात व पुट्यांना आसरा देतात. माशाला लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे पुरतात. स्पंजाची गाळणी, हवेचा पंप, तापनियंत्रक, तापमापक आणि लवणता मोजण्याचे उपकरण ही सामग्री लागते. जाळी, बादली व नळ्या मुख्य टाकीसाठी वापरू नयेत. ओल्या जाळीवरील एका थेंबातूनही पिले दुसरीकडे जाऊ शकतात. स्पंज आधी काही आठवडे निरोगी टाकीत ठेवून त्यात नायट्रीकारक जंतू वाढू द्यावे लागतात. तसे न केल्यास माशाच्या उत्सर्गातील अमोनिया साचतो. समुद्राचे पाणी क्षारीय (पीएच मूल्य सुमारे ८.१ ते ८.४) असल्याने त्यातील अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. विलगीकरणात मेलेल्या माशांपैकी पुष्कळ परजीवीने नव्हे, तर अमोनियाने मेलेले असतात. म्हणून अमोनियाची चाचणी नित्य करावी व गरजेनुसार पाणी बदलावे.

समुद्रापासून दूरच्या प्रदेशातील पाणी : किनाऱ्यावरील मत्स्यालयांना समुद्राचे पाणी गाळून वापरता येते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात असलेल्या जानेफळसारख्या, समुद्रापासून शेकडो किमी. दूरच्या गावी सागरी मासे ठेवावयाचे असल्यास सर्व पाणी कृत्रिम रीत्या तयार करावे लागते. या जिल्ह्यात दोन प्रकारची खारी पाणी आहेत. परंतु त्यांपैकी एकही समुद्राच्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. लोणार सरोवराच्या पाण्यात मिठाबरोबर सोडियम कार्बोनेट व बायकार्बोनेट विपुल असल्याने ते तीव्र क्षारीय असून त्याचे पीएच मूल्य १० च्या आसपास नोंदले गेले आहे. अशा पाण्यात सागरी मासे जगत नाहीत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे भूजल खारे असले, तरी त्यातील क्षारांचे परस्परप्रमाण समुद्राप्रमाणे नसते. स्वयंपाकाचे मीठही चालत नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांची योग्य प्रमाणे असलेले तयार सागरी मीठ वापरावे लागते. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅ. याप्रमाणे १०० लि. पाण्यास ३.५ किग्रॅ. मीठ लागते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटाने नाहीसा करून, मीठ विरघळवून, एक दिवस हवा खेळती ठेवल्यावर पाणी वापरण्याजोगे होते. मिठाचा हा खर्च उपचाराची पद्धत निवडताना विचारात घ्यावा लागतो.

निदान : केवळ ठिपके पाहून निदान करणे धोक्याचे असते. माशाच्या अंगावरील श्लेष्मा काचपट्टीच्या कडेने हलकेच खरवडून, त्याच टाकीतील पाण्याच्या थेंबात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास क्रिप्टोकॅरिऑन सावकाश गरगर फिरताना, ॲमिलोऊडिनियम काळसर व निश्चल पेअरच्या आकाराचा, ब्रुकलिनेला हृदयाच्या वा वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) आकाराचा व यूरोनिमा झरझर पोहताना दिसतो. कृमी त्यांच्या आकड्यांवरून ओळखता येतात. उपचाराची दिशा या एका तपासणीवरून ठरते.

उपचारपद्धती : (१) तांबे : मोरचूद (तांब्याचे सल्फेट) शेतकऱ्यांना बोर्डो मिश्रणामुळे परिचित आहे. पाण्यात मुक्त तांब्याचे प्रमाण दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिग्रॅ. राखल्यास क्रिप्टोकॅरिऑन व ॲमिलोऊडिनियम यांची पोहणारी पिले मरतात. ०.१५ च्या खाली पिले वाचतात, तर ०.२० च्या वर मासे दगावू लागतात. हा पट्टा अतिशय अरुंद आहे. मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते. त्यामुळे १०० लि. पाण्याला ०.२० मिग्रॅ. या प्रमाणासाठी सुमारे ७९ मिग्रॅ. मोरचूद पुरते. इतके कमी वजन साध्या तराजूवर करता येत नसल्याने ४ ग्रॅ. मोरचूद १ लि. ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवितात. या विद्रावाच्या प्रत्येक मिलि.मध्ये सुमारे १ मिग्रॅ. तांबे असते आणि १०० लि. टाकीस त्याचे २० मिलि. लागतात. ही मात्रा एकदम न देता दोन-तीन दिवसांत विभागून देतात. सागराच्या क्षारीय पाण्यात तांबे हळूहळू अवक्षेपित होते (न विरघळणाऱ्या रूपात खाली बसते). म्हणून दिवसातून दोनदा चाचणी घेऊन कमी झालेले प्रमाण भरून काढतात. बाजारातील संयुगित तांब्याच्या औषधांची मात्रा याहून बरीच जास्त असते. ती त्या त्या औषधाच्या सूचनेनुसारच द्यावी. मखमली रोगास किमान दोन आठवडे, तर पांढऱ्या ठिपक्यांना पुट्या उशिरा फुटत असल्याने तीन ते सहा आठवडे उपचार चालू ठेवतात. तांबे शेवाळ, शिंपले, झिंगे व प्रवाळ यांना मारक आहे. मुशी व पाकट यांसारख्या कास्थिमत्स्यांनाही ते सोसत नाही. म्हणून मुख्य टाकीत ते कधीही घालू नये.

(२) क्लोरोक्वीन : हिवतापावरील हे औषध दर लिटरला १० ते १५ मिग्रॅ. या प्रमाणात मखमली रोगावर गुणकारी आहे. ते प्रकाशाने नाश पावते, म्हणून टाकी अंधारात ठेवतात. शेवाळ व अपृष्ठवंशी प्राण्यांना ते विषारी असते.

(३) अल्पलवणता : दोन दिवसांत पाण्याची लवणता दर लिटरला १५ ते १६ ग्रॅ. पर्यंत उतरवून तीन ते चार आठवडे राखल्यास क्रिप्टोकॅरिऑनच्या पुट्या तर्षणदाबाने नष्ट होतात. माशाच्या शरीरद्रवाच्या जवळपास असलेल्या या लवणतेत माशाची पाण्याची हानीही बरीच कमी होते. अशा रीतीने रोगनाशन व शुश्रूषा एकाच उपायाने साधतात. मीठही निम्म्याहून कमी लागत असल्याने समुद्रापासून दूर राहणाऱ्यांना ही पद्धत सोयीची पडते. तथापि १८ ग्रॅ. लवणतेत ती फोल ठरते, म्हणून उपकरणाची अचूकता आधी पडताळावी. ॲमिलोऊडिनियम अतिशय कमी लवणतेतही जगतो. त्यावर ही पद्धत वापरल्यास मौल्यवान काळ वाया जातो. तैवानमध्ये अल्पलवणी पाण्यात तग धरणारे क्रिप्टोकॅरिऑनचे वाणही आढळले आहेत. उपचारानंतर लवणता आठवड्याभरात सावकाश वाढवितात.

(४) टाकी बदलणे : इझ्राएलमधील आंजेलो कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत औषध वापरावे लागत नाही. मासा दर तिसऱ्या दिवशी स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीत नव्या पाण्यात हलवितात. असे चार बदल १२ दिवसांत होतात. पुटी तीन दिवसांपूर्वी फुटत नसल्याने परजीवी प्रत्येक वेळी जुन्या टाकीतच मागे राहतो. ४० लि. टाकीच्या प्रत्येक बदलास सुमारे १.४ किग्रॅ. मीठ लागते. ही पद्धत क्रिप्टोकॅरिऑनपुरतीच विश्वसनीय आहे.

(५) गोड्या पाण्याचे स्नान : क्लोरीन काढलेल्या, तापमान व पीएच मूल्य जुळविलेल्या गोड्या पाण्यात मासा तीन ते पाच मिनिटे ठेवल्यास त्वचेवरील कृमी पांढरे पडून गळतात. मासा आडवा पडल्यास त्यास तत्काळ खाऱ्या पाण्यात परत सोडावे. या स्नानाने पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मरत नाही, कारण तो त्वचेच्या आड असतो.

(६) फॉर्मॅलिन : ब्रुकलिनेलावर हा प्रमुख उपाय आहे. उबदार पाण्यात दर दशलक्ष भागांत १५० भागांपेक्षा, म्हणजे १० लि. पाण्यास १.५ मिलि.पेक्षा अधिक फॉर्मॅलिन वापरीत नाहीत. स्नान ३० ते ६० मिनिटांचे असते. फॉर्मॅलिन पाण्यातील ऑक्सिजन कमी करते, म्हणून जोरदार हवा द्यावी लागते. बाटलीत पांढरा साका बसला असल्यास औषध टाकून द्यावे. ते कर्करोगकारक असल्याने हातमोजे घालून, मोकळ्या हवेत वापरावे.

(७) प्राझिक्वांटेल : चपट्या कृमींवर दर लिटरला २ ते ५ मिग्रॅ. या प्रमाणात ते वापरतात. अंडी त्यातून वाचत असल्याने पाच ते आठ दिवसांनी, नवे कृमी प्रौढ होऊन अंडी घालण्यापूर्वी, दुसरी मात्रा देतात.

सर्व औषधे एकाच वेळी देऊ नयेत. तांबे व फॉर्मॅलिन यांचा एकत्रित ताण दुर्बल माशास सोसत नाही. उपचार संपल्यावर औषध सक्रियित कोळशाने काढून टाकून मासा आणखी दोन आठवडे निरीक्षणाखाली ठेवतात. या काळात तो नियमित खात असेल व लक्षणे पुन्हा दिसली नाहीत, तरच मुख्य टाकीत सोडतात.

मुख्य टाकीत रोग शिरल्यास : अशा वेळी सर्व मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळे उपचार करतात आणि मुख्य टाकी मासेविरहित ठेवतात. प्रवाळ व झिंगे तेथेच राहू शकतात, कारण हे परजीवी त्यांच्यावर जगत नाहीत. आश्रयी न मिळाल्याने बाहेर पडणारी पिले उपासमारीने मरतात. किमान सहा आठवडे, आणि पुटी ७२ दिवसांनीही फुटल्याची नोंद विचारात घेतल्यास त्याहून अधिक काळ, टाकी अशी ठेवणे श्रेयस्कर असते. आजारातून उठलेल्या माशांना काही महिने अंशतः प्रतिकारक्षमता लाभते. त्यामुळे ते निरोगी दिसत असतानाही अल्पसंख्य परजीवी बाळगून राहतात. दिसण्यावरून एखादा मासा विलगीकरणातून वगळू नये, याचे हे मुख्य कारण आहे.

महत्त्व : गोड्या पाण्यातील बहुतेक शोभिवंत मासे संवर्धन केंद्रांत पैदास केलेले असतात, तर सागरी माशांपैकी पुष्कळसे अद्याप प्रवाळभित्तींवरूनच पकडले जातात. विलगीकरणाअभावी दगावलेल्या माशाची जागा भरण्यासाठी समुद्रातून आणखी एक मासा काढला जातो. भारतात प्रवाळ व समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षण असल्याने ते पकडता वा बाळगता येत नाहीत. इतर जातींच्या बाबतीत मात्र संयम बहुतांशी पाळणाऱ्यावरच अवलंबून असतो. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या अनेक जातींच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र विकसित केले असून नवी मुंबईतील ऐरोली येथे महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानानेही सागरी शोभिवंत माशांच्या प्रजननाचा प्रकल्प हाती घेतला. पैदाशीच्या माशांवर परजीवी कमी असतात. तथापि विक्रीच्या दुकानात ते निसर्गातून आणलेल्या माशांच्या पाण्यात मिसळले जात असल्याने त्यांचेही विलगीकरण टाळता येत नाही.